ओट्याला तेल पाजण्याची हकिकत

ट्यूलिबी तलाव, मिनेसोटा
२८ ऑगस्ट

प्रिय आर्डिसताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. इकडे मी खुशाल आहे. तुमच्या ॲरिझोनातलं ऊन अजून माणसं भाजतंय का, तुझा खोकला गेला का, आणि त्या समोरच्या बाईशी तुझा अबोला सुटला की नाही, हे सविस्तर कळव. परवा फोनवर तू म्हणालीस, तीन महिने एका ओट्याला रंग लावतोयस, तेवढ्यात लोक जहाज बांधून समुद्रात सोडतात. उत्तर द्यायला गेलो, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. म्हणून हे पत्र. (पत्राला मध्येच तोडता येत नाही. फार तर फाडता येईल, पण तू आधी वाचशील.)

मे महिन्यात तलावाच्या बाजूला हा लाकडी डेक, म्हणजे घराला लागून फळ्यांचा ओटा, बांधला, तेव्हा माझा बेत साधा होता. शनिवारी सकाळी डबा आणायचा, दुपारपर्यंत रंग, संध्याकाळी मासे धरायला. गावातल्या दुकानात गेलो. रंगाच्या काउंटरवर व्हर्लिन हॉगन असते. (सव्वीस वर्षं त्याच जागी, नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, आणि चष्म्याच्या काचेवर नेहमी कुणाच्या तरी घराच्या रंगाचा ठिपका.) मी म्हटलं, डेकला लावायला एक डबा द्या. तिनं चष्म्यावरून पाहिलं आणि मुलीच्या बापानं जावयाची घ्यावी तशी झडती घेतली: तेलाचा हवा की पाण्याचा? बिनरंगी, अर्धपारदर्शक की पुरता झाकणारा? आणि मुख्य म्हणजे, लाकूड वाळलंय का? औषध मुरवलेलं पाइनचं लाकूड बाहेरून वाळलेलं दिसतं आणि आत ओलंच असतं, म्हणाली. त्यावर थोडं पाणी शिंपडा. थेंब तसाच बसला तर थांबा, लाकडानं पिऊन टाकला तर या.

ताई, चाळीस वर्षं शाळेची बस चालवली, पण एका थेंबानं माझं इतकं लक्ष कधी वेधून घेतलं नव्हतं. रोज सकाळी कॉफीचा पेला घेऊन मी ओट्यावर पालथा पडायचो, थेंब टाकायचो आणि घड्याळ बघायचो. सावलीतली फळी वेगळं वागते, उन्हातली वेगळं. गाठीवरचा थेंब तर हलतच नाही, सासरी रुसून बसलेल्या जावयासारखा. हे का होतं, ते का होतं, याची मी वही केली. शेजारचा एलरॉय कुंपणावरून बघायचा. शेवटी त्याला राहवलं नाही. "काय रे ऑर्विल, मोड यायची वाट बघतोयस का?"

जुलैच्या मध्यावर लाकूड पाणी प्यायला लागलं. तेव्हा एलरॉयनं आपलं पाण्याचा जोरदार फवारा मारायचं यंत्र आणून दिलं आणि म्हणाला, धुऊन काढ, आरशासारखा होईल. मी फवारा फळीला अगदी चिकटवून मारला. (डब्यावरच्या सूचना मी वाचतो, यंत्रावरच्या वाचत नाही, हा आपल्या घराण्याचा दोष आहे.) आरसा राहिला बाजूला, सगळ्या फळ्यांवर मांजरासारखी लव उठली. पुढचे नऊ दिवस मी गुडघ्यांवर बसून ती लव पॉलिशपेपरनं घासत होतो, आणि एलरॉयला अचानक बहिणीकडे जायचं आठवलं.

मग रंग. उरलेल्या फळीच्या तुकड्यांवर मी चौदा नमुने लावून घराच्या भिंतीला टेकवून ठेवले. सीडर नावाचा रंग गाजरासारखा निघाला, आणि अक्रोड म्हणून आणलेला ओला असताना कॉफी, वाळल्यावर चिखल. व्हर्लिनला इतकी उत्सुकता लागली की एका रविवारी ती रुबार्बच्या आंबट देठांची गोड पेस्ट्री घेऊन स्वतःच बघायला आली. तिनं जे समजावलं ते मी वहीत उतरवलंय: बिनरंगी तेल पाणी अडवतं, पण ऊन अडवत नाही, वर्षभरात लाकूड राखाडी पडतं. रंगाचे कण जितके जास्त, तितकं लाकडाला ऊन कमी बाधतं. पण पुरता झाकणारा रंग वर साय धरून बसतो, आणि आपल्याकडच्या बर्फात त्या सायीचे पापुद्रे निघतात. मग खरवडत बसा. "जो आत शिरतो तो झिजतो, जो वर बसतो तो सोलवटतो," ती म्हणाली. झिजलेल्यावर पुन्हा हात फिरवता येतो. मी अर्धपारदर्शक तेल घेतलं, मधाच्या रंगाचं. तिनं बजावलं होतं: ऊन उतरल्यावर लावा, पातळ लावा, आणि वीस मिनिटांनी उरलेलं पुसून घ्या.

आता खरं सांगतो. मी भर दुपारी लावलं. लाकूड इतकं आवडीनं पीत होतं की मला पंगतीत आग्रह करणाऱ्यासारखा चेव आला. दुसरा हात दिला, तिसरा दिला, आणि पुसायला मन होईना. चार दिवसांनीही डेक चिकटच. पाचव्या दिवशी आमच्या चर्चचे पास्टर लुंडे खुशाली विचारायला आले आणि थेट मधोमध जाऊन उभे राहिले. दोन वाक्यं झाल्यावर त्यांनी पाय उचलायला घेतला.

"ऑर्विल," ते शांतपणे म्हणाले, "माझा बूट येत नाहीये."

बूट तिथेच ठेवून ते बाहेर पडायला गेले, तर मोजेही राहिले. बहिणीकडून परतलेला एलरॉय कुंपणावरून ओरडला, "पास्टर, आजवर तुम्ही प्रवचनानं लोकांना जागेवर खिळवलंत, आज ऑर्विलनं तुम्हाला खिळवलं!"

मी व्हर्लिनला फोन केला. ती थिनरचा डबा घेऊन आली आणि शिव्या द्यायला तिनं तोंड उघडलं, पण शिव्या न देता वास घ्यायला लागली. आदल्या रात्रीच्या तेलकट चिंध्या मी बादलीत कोंबून लाकडी शेडमध्ये ठेवल्या होत्या. (चार दिवस वाट बघून मी शेवटी थोडं पुसायला घेतलं होतं.) तिनं बादलीवर हात धरला आणि झटकन मागे घेतला. बादली गरम होती, ताई. काडी नाही, ठिणगी नाही, आणि चिंध्यांच्या पोटातून धूर निघत होता. तिनं बादली उचलली, धावत गेली आणि अख्खी तलावाच्या काठावरच्या पाण्यात बुडवली.

"घर जाळायचंय का, अहो?" ती तिथूनच ओरडली. "तेलाच्या चिंध्या वाळताना आपोआप तापतात. पसरून वाळवायच्या, नाहीतर पाण्यात बुडवून वर झाकण लावायचं! सव्वीस वर्षं मी प्रत्येकाला सांगते. तुम्हाला सांगायचं राहिलं कसं?"

सांगितलं होतं. मी तेव्हा तिच्या चष्म्यावरचा ठिपका बघत होतो. हे फक्त तुला लिहितोय. शेड, घर, माझ्या बसची जुनी घंटा, सगळं आणखी अर्ध्या तासात पेटलं असतं.

मग आम्ही चौघं गुडघ्यांवर बसलो. व्हर्लिन, एलरॉय, माझ्या सपाता घातलेले पास्टर आणि मी. थिनरनं फळी न फळी पुसून काढली, अंधार पडेपर्यंत. आज डेक कोरडा आहे, मधाच्या रंगाचा, फक्त मधोमध बुटांचे दोन ठसे आहेत. ते काढायला पास्टरांनी मनाई केली आहे.

तब्येतीला जप.

तुझा,
ऑर्विल

ता. क. फोनवर तू सांगतेस की दर बुधवारी नाचाला जातेस. तुझ्या लेकानं, कर्टिसनं, मला एप्रिलमध्येच सांगितलं की मार्चपासून तू वॉकर धरून चालतेस, आणि पायऱ्या नकोत म्हणून तू कुणाकडेच जात नाहीस. मला मासे धरायला ओटा लागत नाही, त्यासाठी नाव आहे. हा डेक स्वयंपाकघराच्या दाराशी समपातळीत आहे, उंबरा काढलाय, आणि गाडी उभी राहते तिथून वर सोळा फुटांचा सौम्य उतार बांधलाय. मी वॉकर उसना आणून स्वतः सात वेळा चढलो-उतरलो. एलरॉयनं मोजलं.

ता. ता. क. उताराला अजून काहीच लावलेलं नाही. रंग तू निवड. कर्टिसनं तुझं इकडचं तिकीट काढलंय, बारा सप्टेंबरचं, बर्फ पडेपर्यंत राहायचं. तुला न विचारता काढलंय. रागवायचं असेल तर इथे येऊन रागव.