तळमजल्याच्याही खाली

प्रिय धाकट्या,

तुझा अभिनंदनाचा फोन आला तेव्हा मी हारांखाली दबले होते, त्यामुळे धड बोलता आलं नाही. अख्ख्या घराण्यात कुणी सोसायटीची निवडणूकही लढवली नव्हती आणि तुझी नर्सताई एकदम नगरसेविका! तू म्हणालास तेच खरं, अर्ध्या वॉर्डाला मीच जगात आणलंय, मत देणार नाहीत तर जातील कुठे.

नव्या नगरसेवकांचं स्वागत पालिकेच्या सभागृहात झालं. आपण इथे आलो तेव्हा हे केवढंसं गाव होतं, आठवतं ना? परवा त्या रांगेत किती भाषा ऐकल्या म्हणून सांगू. शिंपी, ड्रायव्हर, कॉम्प्युटरवाली पोरं, सगळे आपापल्या बोलीत काहीतरी गोड बोलून हात हातात घेत होते. हसून हसून माझे गाल दुखायला लागले.

रांगेच्या शेवटी एक बाई होती. कडेवर मूल, भुवयांवर सिमेंटची धूळ. तिचा हात गार लागला, म्हणून सवयीनं माझी बोटं तिच्या मनगटावर गेली. नाडी लागेना. इतकी वर्षं नाड्या बघतेय मी, धाकट्या, पण म्हटलं गर्दीत आपलीच बोटं बधिरली असतील. ती म्हणाली, "आमचंही कुणी निवडून आलंय, असं ऐकलं. म्हणून आलो." मी विचारलं, कुठे राहता? "तलावाजवळच्या नव्या इमारतीत. खाली." तळमजल्यावर का, म्हटलं. तर म्हणते, "त्याच्याही खाली. अंधार फार आहे, ताई. एकदा येऊन जा." कडेवरचं मूल माझ्याकडे टक लावून बघत होतं. तेवढ्यात फोटोवाल्यानं हाक मारली, मी वळले, आणि पुन्हा बघते तर तिथे कुणी नाही.

मनाला चैन पडेना. काल दुपारी एकटीच गेले. वॉचमन स्टूल टाकून बसला होता, पण रस्त्याच्या पलीकडे. तळघर कुठंय विचारलं तर म्हणाला, "बाई, या इमारतीला तळघरच नाही." मी त्या बाईचं वर्णन केलं, तसा त्याचा चेहरा उतरला. मग हळूहळू बोलला. पाया खणायचं काम चालू असताना एका रात्री खड्ड्याची कड ढासळली होती. खाली मजुरांची बिऱ्हाडं होती, लांबलांबच्या मुलखांतली. एकाची बोली दुसऱ्याला कळत नव्हती. सकाळी माती काढतील असं सगळ्यांना वाटलं, पण सकाळी काँक्रीटच्या गाड्या आल्या. तक्रार कुणी केली नाही का, मी विचारलं. "कोण करणार? त्यांचं इथे होतं कोण?"

मी आत गेले. पार्किंगची जमीन गुळगुळीत, कोरी, गाड्यांचे पट्टे नुकतेच रंगवलेले. वेड्यासारखी जमिनीकडे बघून म्हणाले, "मी आलेय. तुमच्या वॉर्डाची." मग पायांखालून टाळ्या वाजायला लागल्या. आधी एक जोडी हात, मग पुष्कळ. सभागृहात वाजल्या तशाच, फक्त दबलेल्या, जाड गोधडीतून आल्यासारख्या. त्यांत एक टाळी अगदी लहान हातांची होती. मी वळून पाहिलं, वॉचमन दारापर्यंत आला होता आणि त्यानं दोन्ही हातांनी कान झाकून घेतले होते.

उद्या आमची पहिली सभा. ती जमीन फोडून खाली काय आहे ते बघा, अशी मागणी मी करणार आहे. पक्षातले म्हणतात, आल्या आल्या हे काय खूळ, लोकांच्या घरांचा प्रश्न आहे. घरं कुणाची ते मला ठाऊक आहे. त्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, तुझं घर आहे. तुझ्या बायकोनं पडदेसुद्धा निवडून ठेवलेत. पाया फोडला तर इमारत राहील की नाही, इंजिनियर सांगू शकत नाहीत. तू ओरडशील, कदाचित माझ्याशी बोलणंही टाकशील. पण त्यांचंही स्वागत मी स्वीकारलंय रे, आता मागे कशी फिरू? हे तुला पेपरात वाचून कळायला नको होतं. आणि खरं सांगू, माझी मागणी फेटाळली गेली, तरीही तू तिथे राहायला जाऊ नकोस.

बोललास न बोललास तरी तुझीच,
ताई