अठ्ठेचाळीसशेवर अडलेली रॅम

सोमवार, ३ मार्च

मशीन परत आलं. मी जोडलेला कॉम्प्युटर परत यायची ही पहिलीच वेळ. आर्किटेक्ट बाईंनी ते टेबलावर ठेवलं आणि रॅमचा रिकामा डबा शेजारी. "यावर वेग सहा हजार लिहिलाय. माझ्या स्क्रीनवर अठ्ठेचाळीसशे दिसतोय. मधले बाराशे कुठे गेले?"

भाचा म्हणाला, "मामा, राहू द्या, मी बघतो." दुकान त्याचं, मी त्याच्याकडे कामाला. पण म्हणून गिऱ्हाइकासमोर? मी तीस वर्षं टीव्ही दुरुस्त केले, तेव्हा हा माझ्या टेबलाखाली झोपायचा. डोकंच फिरलं. म्हणालो, "या मशीनला कुणी हात लावायचा नाही. शनिवारपर्यंत सहा हजारावर चालवून दाखवतो. चूक माझ्या हाताची निघाली तर हे टेबल सोडतो."

बोलून बसलो. बाईंनी शनिवार लिहून घेतला.

मंगळवार, ४

रॅम बसवली की लगेच पळत नाही. आधी सावकाश चालते. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये जाऊन एक सेटिंग चालू केलं की मग डब्यावरचा वेग मिळतो. चालू केलं – स्क्रीन काळी. पंखे फिरतायत, बाकी सगळं ठप्प. चार मिनिटांनी मशीन आपलं आपण उठलं, पुन्हा अठ्ठेचाळीसशे. अकरा वेळा केलं. अकरा वेळा तेच.

भाचा दोनदा मागे येऊन उभा राहिला. "काही हवंय का मामा?" काही नको म्हणालो. पाळत ठेवतोय लेकाचा.

बुधवार, ५

बायोस नवं टाकलं. रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढून पुसल्या. दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत आहेत, तिथंच हव्यात. फरक शून्य.

म्हणजे पट्ट्या नकली! सप्लायरच्या माणसाला फोन लावून झाडला. तोंडाला येईल ते बोललो. तो शांतपणे म्हणाला, "मामा, नाचता येईना अंगण वाकडं, असं करू नका. माल खरा आहे." मी फोन आपटला.

भाचा सगळं ऐकत होता. "बदलून मागवू पट्ट्या. विषय संपेल." हे बोलताना माझ्याकडे बघत नव्हता.

गुरुवार, ६

जेवण गेलं नाही. ताईनं विचारलं, "तुम्ही मामा-भाचे एकमेकांशी बोलत का नाही रे?" दुकानाच्या वर तिचंच घर, मीही तिथंच राहतो. काही नाही म्हणालो.

टेबल सुटलं तर या वयात जाणार कुठं? ताईला भाजी निवडून देत बसायचं आणि खाली दुकानाचं शटर वर जाताना ऐकायचं. भीती वाटते. झालं, लिहिलं एकदाचं.

शुक्रवार, ७

नव्या पट्ट्या आल्या. तेच रडगाणं. जुन्या पट्ट्या दुसऱ्या मशीनमध्ये घालून बघितल्या – तिथं सहा हजारावर बिनतक्रार. म्हणजे सप्लायरचा माणूस खरा. पाणी दुसरीकडेच मुरतंय.

प्रोसेसर तपासायचा म्हणून त्याच्यावरचा पंखा काढला. खाली सगळं जागच्या जागी. पंखा परत ठेवला, चार स्क्रू बेतानं बसवले आणि आवळायच्या आत सहज सेटिंग चालू केलं.

सहा हजार.

आकडा दोनदा वाचला. मग स्क्रू नीट आवळले, माझ्या पद्धतीनं – पुरते बसले की वर पाव आटा, म्हणजे पाव फेरा जास्त. टीव्हीचं काम शिकवणाऱ्या माझ्या उस्तादांचा मंत्र: "पाव आटा जास्त, मग गिऱ्हाईक परत येत नाही." आवळले आणि स्क्रीन काळी.

ढिले केले, सहा हजार. आवळले, अठ्ठेचाळीसशे. तीनदा केलं. जास्त दाब पडला की प्रोसेसर किंचित वाकतो, खालच्या बारीक पिना नीट टेकत नाहीत आणि रॅमशी बोलणं अडखळतं. टीव्हीचा पत्रा सोसायचा, हा सोसत नाही. चूक माझ्या हाताचीच.

भाचा बाहेर गेला होता. कुणी बघितलं नाही. स्क्रू बेताचेच ठेवले आणि झाकण लावलं.

शनिवार, ८

बाई आल्या. सहा हजार बघून खूश. "काय झालं होतं?" मी तोंड उघडायच्या आत भाचा म्हणाला, "पट्ट्या खराब होत्या." बाई म्हणाल्या, "मग त्या सप्लायरला बदला आधी."

आणि मी मूग गिळून बसलो. लिहिताना लाज वाटतेय.

रविवार, ९

दुकान बंद. दिवसभर त्या सप्लायरच्या माणसाचा आवाज कानात. केलं मी, बोलणी खाल्ली त्यानं. उद्या सांगणार. हत्यारं पिशवीत भरून ठेवली.

सोमवार, १०

सप्लायरच्या माणसाची फोनवर माफी मागितली. बाईंनाही फोन करून खरं काय ते सांगितलं. मग भाच्यासमोर पिशवी ठेवून सगळं बोललो. त्यानं पिशवीतली हत्यारं काढून परत माझ्या टेबलावर मांडली.

मग म्हणाला, "मला माहीत होतं मामा. दीड वर्ष झालं, तुम्ही वर जेवायला गेलात की तुमच्या प्रत्येक मशीनचे स्क्रू मी पाव आटा ढिले करतो. बाईंचं मशीन घाईत गेलं, तेवढं एकच राहिलं. तुम्हाला सांगायला जीभ रेटली नाही."

आज वर जेवायला गेलो नाही. एक नवं मशीन जोडलं, स्क्रू लावले आणि त्याला हाक मारली – ये रे, जरा बघ.