तांदळातले देव

८ जानेवारी २००७
उशीर झाला, वहीची माफी मागतो. सुशीला गेल्यापासून हात लावला नव्हता. मुलगा माधव मला न्यायला फिनलंडहून आला आहे. तिरुवल्लिकेणीचे हे घर सोडायचे. परत कधी, असे विचारले तर म्हणतो, "अप्पा, आधी चला तर."
तिकडे म्हणे सध्या दुपारीच अंधारते. त्याने लोकरीचे मोजे आणलेत. पाय खाजतात.

११ जाने.
घरभर खोकी. पूजेला जागा नाही. देव तांदळाच्या डब्यात ठेवले, खोल. खंडोबा आणि भवानीचे टाक, बाळकृष्ण. तंजावरला जाताना सुशीला असेच ठेवायची, म्हणजे मागे देव उपाशी राहत नाहीत. मला मंत्र येत नाहीत. नमस्कार केला, झाकण लावले. निघताना हातातल्या पिशवीत घेणार.

१४ जाने.
भोगी. गल्लीत जुने सामान जाळताहेत, डोळे चुरचुरतात. डॉक्टरकडून बीपीच्या गोळ्या लिहून घेऊन आलो, तर डबा धुऊन पालथा.
"तांदूळ सेल्वीला दिले. पोंगलला गावी गेली ती. अप्पा, तिथे तांदूळ मिळतात हो."
"त्यात देव होते."
"डब्यात?"
त्याला माहीत नाही. त्याच्यासमोर आई इतक्यांदा ठेवायची, आणि याला...

१६ जाने.
सेल्वी आमची कामवाली. तिच्या घरी फोन नाही. गावातल्या चहावाल्याला फोन केला. "सांगतो" म्हणाला, ठेवला.
खालच्या कमलाबाई म्हणाल्या, "काय हो राव, देव तुमच्याआधीच गावाला गेले!" हसू आले नाही. शिजवताना सेल्वीच्या हाताला लागले असतील का?

१८ जाने.
माधव स्वतः बसने जाऊन आला. सेल्वी तांदळाच्या पोत्यासकट बहिणीकडे गेली, घरच्या म्हातारीला बहिणीचे गाव धड सांगता येईना. पोरगा दिवसभर उपाशी. त्याला आधी जेवायला वाढले.

१९ जाने.
उद्या टॅक्सी. पेट्या बांधून झाल्या. "तिकडे नवे घेऊ, अप्पा." तिकडे टाक कोण घडवणार? हातातल्या पिशवीत तो स्वेटर कोंबत होता. मी काढला.
तिकडचा फोन नंबर कमलाबाईंना दिला आहे.
सेल्वी, तुला वाचता येत नाही, आणि ही वही माझ्याबरोबरच जाणार. तरी लिहितो. देव सापडले असले तर भिऊ नकोस, तुला कोणी चोर म्हणणार नाही. दिवा लाव, थोडा भात दाखव. आणि कमलाबाईंकडे निरोप धाड, लवकर.