किल्लेदार बाहुळ जिवंत आहे

रविवार, ९ नोव्हेंबर

आज बाबांनी पुन्हा माझी शोभा केली.

महिन्याचा दुसरा रविवार, म्हणजे गाथा-मंडळाची बैठक. 'अंधारकड्याची गाथा' वाचून डोकं फिरलेले आम्ही दहाबारा जण गंगापूर रोडला मिसळ खायला जमतो आणि रस्स्यावर रस्सा मागवत भांडतो. राणी शाल्मली गादी घेणार की सोडणार? काळा घाट कोण ओलांडणार? सातवा आणि शेवटचा भाग पुढच्या महिन्यात येतोय, त्यामुळे सगळेच जास्त पेटलेले. मंडळाचा प्रमुख वाल्मीक. पॉलिटेक्निकला शिकवतो, अंधारकड्याचा नकाशा लॅमिनेट करून आणतो आणि त्यावर तर्रीचा थेंब पडू देत नाही.

भांडण रंगात आलं आणि मंडळाच्या ग्रुपवर बाबांचा रेकॉर्ड केलेला आवाज. वाल्मीकने मुद्दाम मोठ्याने लावला. "किल्लेदार बाहुळ मेला नाय. लिहून ठेवा. सातव्यात येतो का नाय बघा."

सगळे असे हसले की शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. तिसऱ्या भागाच्या शेवटच्या प्रकरणात बाहुळची चिता जळते. चांगली पानंच्या पानं जळते. मी रडले होते. वाल्मीकने उत्तर टाकलं - काका, चिता पेटली की त्याची. बाबांचं लगेच - "कोण म्हणतं?"

लेखक म्हणतो, बाबा. आणखी कोण म्हणणार?

बुधवार, १२ नोव्हेंबर

बाबांचा फोन. नेहमीसारखा - ना 'कशी आहेस', ना 'जेवलीस का'. थेट, "राणी त्या वैद्याला सोडून देती, चूक करती."

आमचं असंच आहे. मी ज्ञानेशशी रजिस्टर लग्न केलं, त्यानंतर बाबा वर्षभर बोललेच नाहीत. घोटीच्या घरी माझे गाथेचे भाग राहिले होते. एक दिवस फोन आला, मी घाबरून उचलला, तर म्हणाले, "त्या शाल्मलीला अक्कल कधी येणार हाय?" तेव्हापासून आम्ही बोलतो, पण फक्त अंधारकड्याबद्दल. कड्याच्या बाहेर पाऊल नाही.

आमच्या घरी मात्र आलेले नाहीत. आई येते, डबे आणते, ज्ञानेशला आग्रह करकरून वाढते. बाबा नाशिकला कामाला येतात, त्यांची बस आमच्या पाथर्डी फाट्यावरूनच जाते, ते उतरत नाहीत. मला दुसरं काही नको. त्यांनी एकदा यावं, आमच्या खुर्चीत बसून चहा प्यावा, चहाला नावं ठेवावीत.

आज मी धीर करून म्हणाले, "या ना इकडे. समोरासमोर भांडू." पलीकडे नुसता बाबांच्या भातगिरणीचा आवाज. मग बाबा म्हणाले, "भाताच्या गाड्या आल्यात." आणि ठेवला.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

ज्ञानेशने एकही भाग वाचलेला नाही. तरी आज मी पोळ्या लाटत असताना म्हणाला, "तुमच्या त्या बाहुळचं बरं आहे. मेला तरी तुझे बाबा त्याला जिवंत म्हणतात. मी जिवंत असून..." मी लाटणं उगारलं. पण खरं बोलला.

रविवार, २३ नोव्हेंबर

घोटीला जाऊन आले. एकटीच, अर्थात.

बाबा गिरणीवर होते. मी त्यांच्या कपाटातून तिसरा भाग काढला. म्हटलं, चितेचं पान उघडून त्यांच्या ताटाशेजारी ठेवते, बघू काय म्हणतात. तर पुस्तकाची शेवटची पानं रबर लावून बंद केलेली! पावत्यांच्या गठ्ठ्याला लावतात तसलं लाल रबर. पहिला, दुसरा भाग काढला - तेच. चौथा, पाचवा, सहावा - तेच. प्रत्येकाचं शेवटचं प्रकरण बंद, आणि रबरं पानांना चिकटून बसलेली, म्हणजे कधी काढलेलीच नाहीत.

आई तांदूळ निवडत होती. मी विचारलं, हे काय? तिला माझ्याच विचारण्याचं नवल वाटलं. "अगं, लढाईची पोथी घरात पुरी वाचत नसतात. घरात भांडण लागतं. तुझे आजोबा महाभारत वाचायचे तेव्हा शेवटचा अध्याय न वाचता ठेवायचे का नाही?"

मी पोट धरून हसले. म्हणजे बाहुळच्या चितेचं पान बाबांनी उघडलेलंच नाही! आणि मंडळात छाती पुढे काढून सांगतात, मेला नाय. चौथ्या भागात त्याच्या नावाने दिवा लावतात ते तरी बाबांनी वाचलं ना, मी आईला म्हटलं. तर आई म्हणे, "ते म्हणाले, दिवा काय, मुंबईला गेलेल्याच्या नावानंही लावतात."

संध्याकाळी बाबा आले. मी चिडवायला सुरुवात केली, "बाबा, एवढे भाग वाचले, एकाचाही शेवट नाही? रबर काढलं तर काय होईल?" बाबा पाय धूत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "घरात आधीच काय कमी झालंय?"

परतीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडले. ते माझ्यावर रागावलेत एवढंच मला माहीत होतं. ते घाबरलेतही, हे आज कळलं.

सोमवार, २४ नोव्हेंबर

वाल्मीकला बजावलं, बाबांना चितेवरून डिवचायचं नाही. म्हणाला, "पण पुरावा आहे, मॅडम." म्हटलं, पुरावा खिशात ठेव.

रबराचं कुणालाच सांगितलेलं नाही. घरची गोष्ट आहे.

शनिवार, ६ डिसेंबर

सातवा भाग आला! द्राक्षांच्या पॅकहाऊसमधून, कामावरून येता येता दोन प्रती घेतल्या. एक घोटीच्या बसच्या कंडक्टरकडे दिली, बाबांचं नाव सांगून. तो म्हणाला, गिरणीवाले हिरामण नाना ना, देतो की. ज्ञानेश म्हणतो, आता दोन दिवस खिचडीच मिळणार. मिळणार.

रविवार, ७ डिसेंबर

बाहुळ जिवंत आहे.

चौथं प्रकरण. काळ्या घाटात धुकं, कुणीतरी घोंगडी पांघरून चालत येतो, राणीचा घोडा त्याला ओळखतो. चितेवर दुसराच कुणी होता. मी किंचाळले, ज्ञानेश बाथरूममधून साबणासकट बाहेर.

ग्रुपवर नुसता कल्ला. मग वाल्मीकचा मेसेज - काका, दंडवत. पण तुम्ही ओळखलंत कसं? आम्ही सगळ्यांनी तर बारकाईने वाचलं होतं.

बाबांचं उत्तर एका शब्दाचं - "वाचून."

वाचून! मी उशीत तोंड खुपसून हसले. अख्ख्या मंडळात एकट्या त्या माणसाने चिता वाचली नव्हती, म्हणून एकटा फसला नाही. आणि आव असा की जणू लेखकाने रात्री कानात सांगितलं.

रविवार, १४ डिसेंबर

बैठकीत ठराव - जानेवारीत बाबांचा सत्कार. शाल, नारळ, मिसळ. वाल्मीक स्वतः फोन करणार. मी म्हटलं, येणार नाहीत. ज्ञानेशला सांगितलं तर म्हणाला, "येतील. शाल कोण सोडतं?"

बाबा येणार म्हणालेत. आईचा फोन आला, पांढरा सदरा धोब्याकडे दिलाय म्हणे. नाशिकला आले म्हणजे पाथर्डी फाटा किती लांब? मी पडदे धुवायला काढलेत. वेडेपणा आहे, कळतंय.

रविवार, ११ जानेवारी

बाबा आले. टोपी, सदरा, ताठ. शाल घेतली, नारळ कपाळाला लावला, मिसळीला "बरी हाय" म्हणाले. वाल्मीकने नकाशा पुढे ठेवला आणि चक्क त्यावर बाबांची वाटी ठेवू दिली.

मग सगळे शेवटच्या प्रकरणावर घसरले. गादीवर कोण बसलं, ते पटलं की नाही. बाबा एकदम उठले. "माझी गाडी हाय." मला माहीत होतं का उठले - ऐकलं तर वाचल्यासारखंच. मी मागे धावले. म्हटलं, "बाबा, घर वाटेतच आहे. चहा तरी." त्यांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला. "उशीर व्हतोय."

ज्ञानेशने बाइक काढली आणि त्यांना स्टँडवर सोडलं. बाबा बसले मागे, नाही म्हणाले नाहीत. वाटेत एकच प्रश्न विचारला म्हणे, "तू वाचतोस का काही?" ज्ञानेश म्हणाला, नाही. बाबा म्हणाले, "बरं करतोस."

धुतलेले पडदे बघून मला राग आला. बाबांचा आला, स्वतःचाही आला. शाल घ्यायला वेळ होता आणि लेकीकडे यायला नव्हता. जेवले नाही.

बुधवार, २१ जानेवारी

पॅकहाऊसमध्ये द्राक्षांचे क्रेट येऊन पडलेत आणि त्यात बाबांचा फोन. मशीनच्या आवाजात ओरडून बोललो दोघं.

"शेवटचं परकरण वाचायचं म्हणतो."

मी म्हटलं, "रबर?"

"यापुढं भागच नाय. आता नाय वाचलं तर काय कळणार? पण घरात नाय वाचायचं." मग सांगत बसले. गिरणीवर नेलं होतं, पण गिरणी घराच्याच भिंतीला लागून, तेही घरच. पुस्तक त्र्यंबकला देवळात घेऊन गेले, तिथे दर्शनाच्या रांगेत मागचा माणूस खांद्यावरून डोकावून वाचायला लागला. मी हसू दाबत होते.

मग घसा खाकरून म्हणाले, "तुझ्या हितं येऊन वाचतो. ते काय आपलं घर नाय."

यावर रडायचं की नाचायचं? या वाक्यासाठी दुसऱ्या कुणाला मी दाराबाहेर उभं केलं असतं. म्हटलं, "या. रविवारी या."

शनिवार, २४ जानेवारी

ज्ञानेश म्हणतो, "चहात साखर कमी घालू की जास्त?" म्हटलं, कशीही घाल, नावं ठेवणारच आहेत. त्याने नवा शर्ट इस्त्री करून ठेवलाय. मला दाखवला नाही, मी पाहिला. उद्या वाचून उठतील, टोपी घालतील, आणि 'बाहेरचं घर' म्हणून परत फिरतील. तेवढंही चालेल. नाही, चालणार नाही. मनाला लागणार माझ्या.

रविवार, २५ जानेवारी

बाबा आले. गॅलरीतल्या खुर्चीत बसले, चष्मा लावला, रबर काढून मनगटात अडकवलं. ज्ञानेशने चहा ठेवला. बाबांनी घोट घेतला, त्याला म्हणाले, "आलं लय घातलंस. बस की, उभा काय?" तो बसला. मी ओट्याशी नुसतीच उभी. बाबांनी शेवटच्या प्रकरणाचं पहिलं पान उघडलं, बराच वेळ तसंच धरलं, एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा ज्ञानेशकडे. मग पुस्तक मिटलं आणि रबर परत चढवलं.

मी म्हटलं, "का हो? इथे तर चालतं ना?"

"नको," म्हणाले. "आपल्या घरात भांडण लागंल."