पट्ट्याला लावलेली राळ

बाबा, तुला चालायची मशीन माहीत नाही. तुझ्या वेळेला कोणी म्हटलं असतं की चालण्यासाठी मशीन घेतली, तर आपल्या अख्ख्या शेणवे गावानं त्याला वेड्यात काढलं असतं. एक रुंद रबरी पट्टा, खाली गुळगुळीत फळी, पुढे-मागे दोन फिरते रूळ. विजेवर पट्टा मागे सरकत राहतो आणि माणूस त्याच्यावर जागच्या जागी चालतो. ती आता माझ्या आसनगावच्या घरात, आतल्या खोलीत पलंगाला खेटून आहे. तुझ्या जावयाला गेल्या वर्षी हार्टचा झटका येऊन गेला. डॉक्टर म्हणाले, रोज चाललंच पाहिजे, नाहीतर माझ्याकडे पुन्हा यावं लागेल. पण हे रस्त्यावर चालायला तयार नाहीत. "जो भेटतो तो इचारतो, बरा हाय का आता. सांगूनच दम जातो माजा," म्हणतात. शेवटी मुरबाडच्या नणंदेनं तिच्याकडची मशीन टेम्पोत घालून पाठवली. तिच्याकडे त्या मशीनवर कपडे वाळत होते.

मशीन आली ती झिजक्या पट्ट्यासकट. कडांचे दोरे सुटलेले, आणि पाऊल जोरात पडलं की पट्टा पायाखाली अडायचा, मग एकदम सुटायचा. बऱ्या माणसाचा तोल जाईल, ह्यांचं तर विचारूच नकोस. कल्याणचा मेकॅनिक बघून गेला, म्हणाला पट्टा नवीनच टाका. औषधांच्या खर्चात ते जमण्यासारखं नव्हतं. मी ह्यांना म्हटलं, गिरणवाल्याची मुलगी आहे मी, पट्टा मला काय नवीन नाही. कात्रीनं सुटलेले दोरे कापले, सायकलवाल्याकडून सोल्यूशन आणून कडा चिकटवल्या, आणि वाण्याकडून राळ आणली.

राळ का, ते तुला सांगायला नको. तुझी भाताची गिरण माझ्या डोळ्यांपुढे आहे. तुसाची धूळ उडते आहे, बायका गोणीवर टेकून बसल्या आहेत, आणि भार वाढला की तो लांबलचक पट्टा चाकावरून घसरायला लागतो. तू राळेचा खडा उचलतोस आणि फिरत्या पट्ट्याच्या आतल्या अंगाला लावून धरतोस. चर्र आवाज येतो, जळका गोड वास सुटतो, पट्टा चाकाला धरतो. मला ते बघायचं असतं, म्हणून मी जवळ सरकते, आणि तू एकदाच माझ्यावर ओरडतोस, सगळ्या बायकांसमोर. "वेनी बांद आदी. पट्टा माणूस बगत नाय गो." मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नव्हते. मग तू जुन्या पट्ट्याचे तळवे लावून मला शाळेच्या चपला करून दिल्यास, आणि मी त्या मिरवत गावभर फिरले.

तर मी राळ कुटली आणि पट्टा उचलून आतल्या बाजूला सगळीकडे चोळली. वर म्हटलं, आता बघा कसा धरतो ते. ह्यांना चढू दिलं नाही, आधी मी चढले. मशीन गुरगुरली, पट्टा हलेचना, आणि मग असा हिसका दिला की गुडघा दांड्यावर आपटला. फळीतून तोच जळका वास. मेकॅनिकला फोन केला तर तो आधी हसला. "ताई, पट्टा फक्त रुळावर धरायला पायजे. फळीवरून तो सरकायला नको का? तिथं राळ कोण लावतं?" खरंच की. तुझा पट्टा चाकापासून चाकापर्यंत हवेतून जायचा. हा फळीवर घासत जातो, वर माणसाचं वजन घेऊन. अक्कल गहाण टाकली होती मी. मला हसू आलं नाही. त्या हिसक्याला माझ्या जागी हे असते, हेच डोक्यात फिरत राहिलं.

मग स्पिरिट आणलं आणि राळ पुसत बसले. पुसता पुसता तुझा शेवटचा दिवस आठवला. मी माहेरी आले होते. तुला जेवायला बोलवायला आईनं मला गिरणीत पाठवलं. गिरणीचा आवाज ओट्यावरही येत होता, म्हणजे बाबा कामात आहे असंच सगळे धरून होते. मी आत आले तर तू कोंड्याच्या ढिगाला पाठ लावून बसलेला, मान कलती, आणि गिरण रिकामी खडखडते आहे, पट्टा फिरतो आहे. तो बंद कसा करायचा हेसुद्धा मला त्या वेळी सुचलं नाही. तेव्हापासून मशीनचा आवाज येतोय म्हणून मला धीर येत नाही बाबा. आवाज थांबला तरी येत नाही.

मेकॅनिकनं सांगितलं तसं पट्ट्याखाली सिलिकॉनचं तेल सोडलं, मागच्या रुळाचे बोल्ट दोन्ही बाजूंनी सारखे, थोडे थोडे आवळले. पट्टा सरळ धावायला लागला. हे रोज सकाळी चालतात. दार लोटून घेतात, मी बघत उभी राहिले की ह्यांना चालता येत नाही म्हणे. मी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत पावलं ऐकते. माझा जीव टांगणीला लागतो हे ह्यांना कळलं असावं, कारण बटण दाबायच्या आधी आतून सांगतात, "थांबतोय गो."

आज सकाळी पट्टा थांबला, पण आधी ह्यांचा आवाज आला नव्हता. तवा तसाच टाकून मी दारापर्यंत धावले. दार नुसतं लोटलेलं होतं, बोटानं ढकललं असतं तरी उघडलं असतं. हात वर केला आणि तो तिथेच राहिला. आतून ह्यांचा वैतागलेला आवाज आला, "लाइट गेली गो. मेणबत्ती नको, पानी आन."

ह्यांना वाटतं मी हाक ऐकूनच धावत आले. मी पाणी दिलं, भाकरी करपली म्हणून तव्यावर राग काढला. हा कागद काही कुठे जायचा नाही, म्हणून लिहिते. ह्यांनी हाक मारली नसती तर ते दार मी उघडलं असतं की नाही, मला माहीत नाही.