देवीला उजेड चालत नाही

शिरवळ,
गुरुवार, १७ जुलै २०२५

प्रिय साक्षी,

वहिनीचे भरभरून आशीर्वाद. वीरधवलरावांना नमस्कार सांग, तुझ्या सासू-सासऱ्यांना माझा वाकून नमस्कार. एवढं सांगून झालं की पत्र घडी घालून ठेव आणि पुढचं एकटी असशील तेव्हा वाच.

हातात फोन असताना वहिनी पत्र कशाला लिहायला बसली, असं तुला वाटेल. अगं, आपल्याकडं फोन म्हणजे चावडी झालीय. तुझा फोन आला की तुझी आई, म्हणजे आमच्या आत्याबाई, आधी स्पीकरवर टाकायला लावतात, तुझ्याकडंही तीच तऱ्हा. मेसेज पाठवावा तर त्याचं उत्तर सृष्टी मोठ्यानं वाचून दाखवते, तिला नुकतं भराभर वाचता यायला लागलंय ना. शिवाय एवढं सगळं त्या चमकत्या काचेवर लिहायला माझे डोळे तयार नाहीत. आमच्या कंपनीतली राणी रविवारी सांगलीला माहेरी जातेय, तिच्या हाती हे देईन. तुझ्याच हातात द्यायचं, असं तिला बजावून सांगणार आहे.

इकडं सगळं ठीक. सृष्टी दुसरीत गेली, दोन दात पडलेत. तुझ्या दादांची बदली सीमेवर आणखी वर झालीय, दिवाळीला सुट्टी मिळेल म्हणतात. मागच्या दिवाळीलाही म्हणाले होते. आत्याबाईंचा गुडघा पावसाळ्यात कुरकुरतो, पण तोंड एकदम तंदुरुस्त आहे.

मी अजून त्याच तपासणीच्या टेबलावर. दिव्यासमोर बोटाएवढी इंजेक्शनची बाटली धरायची, आधी पांढऱ्या पाटीपुढं, मग काळ्या पाटीपुढं, आणि काचेत कण, चीर, ठिपका आहे का बघायचं. पुन्हा दुसरी. दर सहा महिन्यांनी आमचे डोळे तपासतात. माझे डोळे उत्तम आहेत. दुखतं ते डोळ्यांच्या मागं, आणि ते त्यांच्या मशीनला दिसत नाही, म्हणून नोकरी टिकलीय. आठवड्यातनं एकदा तरी डोळ्यांपुढं चमकणारी नागमोडी रेघ येते आणि हातातली अर्धी बाटली दिसेनाशी होते. अशा वेळी मी काय करते सांगू? ज्या बाटल्या धड दिसत नाहीत त्या सगळ्या खराब म्हणून बाजूला टाकते. चांगला माल फुकट जातो, पण न बघता पास केलेली बाटली कुणाच्या तरी औषधाची व्हायची त्यापेक्षा बरं. सुपरवायझरला वाटतं राजेश्वरीबाई फार कडक. गेल्या महिन्यात टाळ्या वाजवून माझा सत्कार केला. मी गुच्छ घेतला आणि बाथरूममध्ये जाऊन ओकले.

असो. मंगळवारी तुम्ही सगळे येणार असल्याचं कळलं. आखाडातला शेवटचा मंगळवार, देवीचा वार. तुझं मिरजेच्या नर्सिंगचं पुन्हा निघालंय, तुझे सासरे आप्पासो पाठवायला तयार आहेत, पण तीन वर्षांपूर्वी देवीनं नको म्हटलं होतं हे आत्याबाईंनी त्यांच्या कानावर घातलंय, तेव्हा देवीला पुन्हा विचारायचं आणि ती म्हणेल तसं करायचं, असं ठरलं म्हणे. महिनाअखेर प्रवेशाची मुदत आहे हेही कळलं. मला कुणी विचारलं नाही. देवीला कोण कशाला विचारून येईल

शनिवार, १९ जुलै

परवा कंपनीत जेवणाच्या सुट्टीत लिहिताना इथंच थांबावं लागलं. रेघ आली. राणीनं मला प्रथमोपचाराच्या खोलीत नेऊन निजवलं आणि पाळी आलीय असं सांगून वेळ मारून नेली. महिन्यात चार वेळा पाळी येणारी बाई म्हणून मी एक दिवस पकडली जाणार आहे.

आज कंपनीला सुट्टी. आत्याबाई सृष्टीला घेऊन देवळात गेल्यात. मी आपल्या मधल्या खोलीत पडदा वीतभर सरकवून लिहितेय. पडदा तूच शिवला होतास, जुन्या चादरी दुहेरी करून. आता त्याला सगळं घर देवीचा पडदा म्हणतं.

तुला आठवत असेल, लग्न होऊन आले तेव्हापासून माझं डोकं असंच दुखायचं. तेव्हा त्याला नाटक म्हणायचे. आत्याबाई म्हणायच्या, "पगाराच्या दिशी बरं हिचं डोकं दुखत न्हाई." मी डोक्याला फडकं बांधून भाकरी थापायचे आणि पुढं तू आठवी-नववीत गेलीस तशी माझ्या मागं उभी राहून तवा सांभाळायचीस. मग लग्नाला सात वर्षं झाली त्या नवरात्रात आरतीला उभी असताना कपाळात कळ घुसली. झांजा, धूर, दिव्याच्या ज्योती. मी खाली बसले, केस सुटले, डोकं दोन्ही हातांत धरून झुलायला लागले, कण्हायला लागले. शेजारच्या दगडाबाई आत्याबाईंकडं बघून ओरडल्या, "हरणाबाई, ह्ये साधं न्हाई, काळूबाई आलीया अंगात." कुणीतरी कपाळाला मळवट भरला. आत्याबाईंनी माझ्या पायावर डोकं ठेवलं. साक्षी, त्या बाईनं तोवर माझ्या दुखत्या कपाळावर हात ठेवला नव्हता.

मी म्हणाले, धूर नको, वाजवू नका, अंधार करा. लगेच झाला. तेव्हापासून आपल्या देवीला उजेड चालत नाही, ऊद चालत नाही, मिक्सर चालत नाही. ती आली की टीव्ही बंद, सगळे दबक्या पावलांनी. चार तास मला कुणी हाक मारत नाही. सुनेला जे सात वर्षांत मिळालं नव्हतं ते देवीला एका संध्याकाळी मिळालं, आणि मी ते घेतलं. मला लाज वाटली नाही, तुला खरं सांगते. मला झोप लागली.

पुढं बायका प्रश्न घेऊन यायला लागल्या. तू दाराशी बसून हसू दाबायचीस, कारण आपल्या देवीचं सगळ्यांना एकच उत्तर असायचं, दवाखान्यात न्या. पोर आजारी, दवाखान्यात न्या. नवरा पितो, दवाखान्यात न्या. म्हैस आटली, दवाखान्यात न्या. एवढ्याच गोष्टीपायी मी स्वतःला पापी समजत नव्हते. दुखणं माझं खरं होतं, नाव फक्त दुसऱ्याचं होतं, आणि त्यानं कुणाचं वाईट होत नव्हतं.

आता ते लिहिते, ज्यासाठी दोन दिवस इकडचं तिकडचं लिहितेय.

तीन वर्षांपूर्वी तुझं मिरजेचं प्रवेशाचं पत्र आलं होतं, तुला तिथल्या होस्टेलला राहायला जायचं होतं. आत्याबाईंनी विचारलं, "आई, पोरीला लांब धाडू का नगं?" मी उताणी पडले होते. तू माझ्या कपाळावर ओला रुमाल दाबून धरला होतास. मला सगळं ऐकू येत होतं. मी पूर्ण शुद्धीत होते. अंगात कुणी नव्हतं, मीच होते, आणि मी म्हणाले, "पोरगी उंबऱ्याबाहेर जायची न्हाई."

का, तर मला भीती वाटली. आत्याबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. सृष्टी चार वर्षांची. मला कायम करायचं कंपनीत चाललं होतं आणि एकही दांडी परवडणार नव्हती. स्वयंपाक तू करत होतीस, सृष्टीला तू निजवत होतीस, पडदा कधी ओढायचा आणि साखर-मिठाचं पाणी कधी द्यायचं हे घरात तुला एकटीला कळत होतं. तू गेलीस तर मला नोकरी सोडावी लागणार आणि मग दिवसभर या घरात हे डोकं घेऊन राहायचं, हे मला दिसलं. मी तुझं शिक्षण घेतलं आणि माझी नोकरी वाचवली. ती वाचली. आणि सहा महिन्यांत आत्याबाईंनी तुझं लग्न लावून दिलं. घरी ठेवलेली पोरगी किती दिवस ठेवायची, म्हणाल्या. माझ्या हाती तूही राहिली नाहीस.

वीरधवलराव चांगले आहेत, तू सुखात आहेस, असं म्हणून मी स्वतःला बरीच वर्षं समजावलं असतं. पण गेल्या महिन्यात मी तुझ्याकडं आले ना, तेव्हा खरं म्हणजे आधी मिरजेला उतरले होते. साताऱ्याच्या दवाखान्यात गेलं की गावचं कुणी ना कुणी भेटतंच, म्हणून इतक्या लांब. नंबर यायला तीन तास लागले. त्या तीन तासांत नर्सिंगच्या पोरी घोळक्यानं माझ्यासमोरून जात होत्या, डबे घेऊन, हसत, एकमेकींच्या वह्या ओढत. तुझ्याच वयाच्या. मी भिंतीकडं तोंड करून बसले. चार वाजता तुझ्याकडं पोचले तेव्हा तू विचारलंस, वहिनी, डोळे का सुजलेत. मी एसटीतला वारा लागला म्हणून सांगितलं.

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. अर्धशिशी आहे म्हणाल्या. मी दर दोन दिवसांनी ज्या डोकेदुखीच्या गोळ्या खाते त्यांनीही दुखणं वाढतं म्हणाल्या. रोज घ्यायची वेगळी गोळी दिली, वेळेवर जेवा, वेळेवर झोपा, जमलं तर दिव्याचं काम बदलून घ्या. मी हो हो म्हणत राहिले. पाच वाजता उठून दोन डबे करून साडेसहाची कंपनीची बस धरणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणता येतं? पण त्यांनी कागदावर माझं नाव लिहिलं, वय लिहिलं आणि आजाराचं नाव लिहिलं. माझ्या दुखण्याला पहिल्यांदाच माझं नाव लागलं. तो कागद मी आजवर सृष्टीच्या जुन्या दप्तरात लपवून ठेवला होता.

मंगळवारी केस सोडून, मान खाली घालून 'जाऊ द्या पोरीला' म्हणायचं, एवढंच तर आहे, असं तू म्हणशील. मीही आठ दिवस तेच म्हणत होते. पण दुखणं मागितल्या वाराला येत नाही, तेव्हा ते मला नुसतं करून दाखवावं लागेल. आणि देवीनं दिलेली परवानगी देवीच कधीही काढून घेते. तू एका परीक्षेत नापास झालीस, तुझ्या सासूबाई आजारी पडल्या, तुला दिवस गेले, की हे सगळे पुन्हा मला विचारायला इथं येणार. त्या दिवशी मला कशाची भीती वाटत असेल, मला आज सांगता येत नाही. एकदा मी काय केलं ते तुला आता कळलंय. माझ्यासारखीच्या तोंडावर तुझं आयुष्य ठेवू नकोस.

मग खरं का सांगत नाहीस, असं विचारशील. सांगितलं होतं. चैत्रात, फार दुखत होतं, दार भरून बायका बसलेल्या. मी म्हणाले, मी देवी नाही, मी राजेश्वरी आहे, माझं डोकं दुखतंय. आत्याबाईंनी हात जोडले आणि म्हणाल्या, "आई आपली परीक्षा बघतीया." सगळ्यांनी पुन्हा पाया पडून घेतलं. बरी असताना बोलावं तर म्हणतात, देवी गेली की झाडाला काही आठवत नसतं. झाड म्हणजे मी. दुखत असताना बोलले तर देवी बोलते, दुखत नसताना बोलले तर मला काही माहीत नसतं. या घरात माझं खरं बोलायला मला जागाच उरलेली नाही, साक्षी. ती जागा मीच भरून टाकली.

म्हणून कागद तुझ्याकडं पाठवतेय. पत्रासोबत आहे, नीट ठेव. मंगळवारी आत्याबाई मला खोलीत बसवतील, प्रश्न विचारतील, तेव्हा तू उठ आणि तो मोठ्यानं वाच. आप्पासोंनाही वाचायला दे. तीन वर्षांपूर्वी देवी काही बोलली नव्हती, वहिनी बोलली होती, तिनं स्वतःच्या सोयीसाठी सांगितलं होतं, हे माझ्या समोर म्हण. मी नाही म्हणणार नाही. हे पत्र दाखवावं लागलं तर दाखव. घरात काय होईल ते होईल. अंधार जाईल, ते मला माहीत आहे. कदाचित नोकरीही जाईल. मला त्याची फार भीती वाटते, हेही लिहून ठेवते, म्हणजे माझ्याकडं बघून तुझं मन कच्चं झालं तर माझं ऐकू नकोस.

एकच विचारायचं राहिलं. त्या दिवशी मी 'उंबऱ्याबाहेर जायची न्हाई' म्हणाले तेव्हा कपाळावरचा तुझा हात थांबला नाही. तू रुमाल उचललास, पाण्यात पिळलास आणि पुन्हा तितक्याच हळू ठेवलास. देवीच्या कपाळावर कुणी ओला रुमाल ठेवत नाही गं. तुला तेव्हाच कळलं होतं का? कळलं होतं आणि तरी गप्प बसलीस का? याचं उत्तर देऊ नकोस. मला ऐकवणार नाही.

पण यावेळी गप्प बसू नकोस. आणि कागद वाचून झाल्यावर खरंच दुखायला लागलं, तर पडदा ओढायची घाई करू नकोस. उजेडात कशी दिसते ते एकदा सगळ्यांना बघू दे.

तुझी वहिनी,
राजेश्वरी
वय छत्तीस, आजार अर्धशिशी. कागदावर तसंच लिहिलंय.