होणाऱ्याचा दाखला

नाही, दाखल्यावरचा तो तपकिरी डाग बांगड्याच्या आमटीचा नाही. तू विचारायच्या आधीच सांगून टाकते. मासे विकणाऱ्या बाईच्या हातून गेलेल्या कागदाला दुसरा कसला डाग असणार, असं तुला वाटेल आणि तुझ्या त्या व्हिसावाल्या साहेबालाही वाटेल. दोघांनी ऐका, डाग काढ्याचा आहे. कोणाचा काढा, ते ओघात आलं तर येईल.

आशीर्वाद राहिले. चि. रविकांत यास तारकर्लीहून गंगूआत्येचे, पाकिटात मावतील तेवढे. घरी सगळी खुशाल. माड बरे, विहीर बरी, तुझी आई बरी. हे शेवटचं तिने सांगितलं तसंच लिहिलं आहे. तुझी तब्येत कशी, भात मिळतो का, लोकरीचे मोजे एकावर एक दोन घालतोस का, हे सगळं तीच विचारते. मला काही विचारायचं नाही, मला कामं आहेत. (कंसातलं मी तिला वाचून दाखवणार नाही. पत्र पुरं झालं की मोठ्याने वाचून दाखवायचं, अशी तिची अट आहे. कंस कसा करायचा ते तूच मला पाटीवर शिकवलंस, सातवीत होतास तेव्हा. आत्येने तिसरीत शाळा सोडली, याचं मला नाही इतकं तुला वाईट वाटायचं. त्या कंसाचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. आई बरी नाही. शिमग्यापासून खाटेवर आहे.)

आता तुझं पत्र. तू ग्लासगोला जहाजाची इंजिनं शिकायला गेलास, बरं केलंस. तीन वर्षं झाली, ठीक. आता सुट्टी आहे, आणि त्या परदेशातून तुला पंधरा दिवस आणखी एका परदेशात फिरायला जायचं आहे. त्या देशाचं नाव मी तीन वेळा लिहून बघितलं, तीन वेगळे देश झाले. तेव्हा आपण त्याला बर्फवाल्यांचा देश म्हणू. तिथे जाऊन तू काय बघणार, तर लोक काठ्यांवर मासे कसे सुकवतात ते. अरे, तुझं अर्धं आयुष्य सुकत घातलेल्या बांगड्यांवरचे कावळे हाकण्यात गेलं. तेव्हा अभ्यास आहे, परीक्षा आहे, डोकं दुखतं, शंभर कारणं सांगायचास. आता त्याच कामासाठी समुद्र ओलांडून, अर्ज करून, फोटो चिकटवून जाणार. तुझ्या आईला मात्र हे फार पसंत पडलं. तिथे ऊन नसतानाही मासा सुकतो, हे मी वाचून दाखवल्यावर तिने दोनदा विचारलं, मग वास? मी म्हटलं, वासाचं काही लिहिलेलं नाही, पुढच्या पत्रात लिहील. (तेव्हा लिही.)

बर्फवाल्यांचा साहेब तुला म्हणतो की तुझ्या गावच्या जबाबदार माणसाचा दाखला आण, की याचं घर आहे, घरी माणसं आहेत, आणि शिक्षण झालं की हा परत आपल्या मुलखात जाणार आहे. म्हणजे एका परक्याच्या घरात राहणाऱ्या पाहुण्याला शेजारचा विचारतो, तू आमच्याकडे चहाला आलास तर जाशील ना? विचारणं चुकीचं नाही म्हणा. पण तो दाखला आणायला मी किती चपला झिजवल्या ते ऐक.

तलाठ्याकडे गेले. तो चांगला माणूस आहे, पण कुर्ली नांगी मारेल म्हणून बिळात जपून हात घालावा तसा तो प्रत्येक कागदाला हात घालतो. घर आहे असं लिहून देतो म्हणाला, आई आहे असंही लिहून देतो, पण मुलगा परत येईल हे मी कसं लिहू? मी म्हटलं, घराला लागून कोणाचा माड आहे ते तुला ठाऊक, कोण कोणाची बांधाची माती ओढतो ते तुला ठाऊक, एवढं ठाऊक नाही? तर म्हणे, जमीन हलत नाही, मुलगे हलतात. मग सरपंच. त्याचा स्वतःचा मुलगा सहा वर्षं आफ्रिकेत आहे. तो माझ्याकडे बघून नुसता हसला, आणि मग हसायचा थांबला. तिथे मी बसलेच नाही.

मग मालवणला मामलेदार कचेरीत. तिथला कारकून चष्मा कपाळावर ठेवून बोलतो, त्यामुळे तो कोणाकडे बघतो ते कळत नाही. माझं सगळं ऐकून घेतलं आणि शुद्ध मराठीत म्हणाला, “बाई, सरकार झालेल्याचा दाखला देतं. जन्म झाला, देतं. लग्न झालं, देतं. मृत्यू झाला, देतं. होणाऱ्याचा दाखला सरकारकडे नाही.” रत्नागिरीला जाऊन काही होईल का म्हटलं, तर म्हणे तिथेही हेच सांगतील, फक्त जास्त वेळ लावतील. (मृत्यू म्हणताना त्याने नेमकं माझ्याकडे बघितलं. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. कचेरीत बसून माणसाला असं बघायची सवय लागत असेल.)

परत येताना वाटेत आपला बाबली गावकर भेटला. देवळातली गाऱ्हाणी तोच घालतो, तुला आठवत असेल, मोठ्या आवाजाचा. मी रागात होते, सगळं सांगितलं. तो मान खाजवून म्हणाला, “गंगूबाय, झालेल्याचो दाखलो सरकार देता. होवच्याचो देवी देता.” मला पटलं. साहेबाने जबाबदार माणूस मागितला आहे. या गावात देवीपेक्षा जबाबदार कोण आहे? लग्न, होडी, विहीर, कोर्टातला दावा, सगळ्याला आपण तिलाच विचारतो, आणि तिने कधी कोणाला चष्मा कपाळावर ठेवून उत्तर दिलेलं नाही. देवीला कौल लावायचा, पाषाणावर चिकटवलेली फुलं, उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही, आणि पडेल ते साहेबाला इंग्रजीत लिहून पाठवायचं. इंग्रजीसाठी जासिंत मास्तर. ते म्हणाले, मी क्रिस्तांव, मी आत येणं बरं दिसत नाही, बाहेरच्या कट्ट्यावर बसून ऐकतो आणि ऐकलं तेवढंच लिहितो. असा साक्षीदार मामलेदारालाही मिळत नाही.

कौलाला तुझी आई आली. खुर्चीत बसून आली, खुर्ची दोघांनी धरली होती. तिला हल्ली चालायचा कंटाळा येतो. (खुर्ची अशी हलकी की धरणारे दोघे चुकून धावायला लागले. मी ओरडले तेव्हा हळू झाले.) गुरवाने पाषाण भिजवला, फुलं लावली. बाबलीने सुरुवात केली, की बा देवी म्हाराजा, ह्या घरातलो झील दर्यापलीकडे शिकूक गेलो आसा, थंय एक सायब तेका फुडच्या देशात जावक देणा नाय, त्या सायबाक बुद्धी दी. सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. त्या सायबाच्या कारकुनाक पण दी. व्हय म्हाराजा. तेचो शिक्को हरावलो असात तर गावंदे. व्हय म्हाराजा. इतक्या दूरच्या कचेरीचं इतकं भलं कोणत्याही गावाने मागितलं नसेल. मग बाबलीने मला विचारलं, सवाल काय? आमचं आधीच ठरलं होतं. झील परत येतलो काय, येतलो तर उजवो दी. मी तोंड उघडणार तेवढ्यात खुर्चीतून तुझी आई बोलली. “तां नको. माझो झील तो देश बघतलो काय, तेवढांच विचार.”

मी म्हटलं, पद्मावती, कागद कशाचा पाहिजे ते तुला कळतंय का? तिने माझ्याकडे बघितलंच नाही. बाबली काय करणार, सवाल आईचा, मान आईचा. त्याने तिचा सवाल घातला. आणि बाबलीचा श्वास पुरा व्हायच्या आत उजवं फूल खाली आलं, असं झटकन की गुरवसुद्धा मागे सरला. आता जासिंत मास्तर कट्ट्यावरून ऐकलं तेवढंच लिहिणारे. त्यांनी लिहिलं की या गावच्या देवतेला फुलाद्वारे विचारलं असता तिने अर्जदाराला तो देश बघायला संमती दिली आहे. म्हणजे व्हिसा देवीने दिला. साहेबाने आता नुसता शिक्का मारायचा. तू परत येणार की नाही, याबद्दल कागदावर एक अक्षर नाही. मास्तरांनी हळूच आठवण केली, “पद्मावतीबाय, कागद परत येवच्याचो होयो होतो मां?” तर ही म्हणते कशी, परत येणं हे माझं आणि माझ्या झिलाचं आपसातलं काम आहे, त्यात देवीला कशाला कामाला लावायचं.

घरी आल्यावर तिने दाखल्यावर अंगठा उठवला. त्या वेळी तिच्या काढ्याची वाटी कलंडली, तोच हा डाग. मास्तर दुसरा कागद लिहून देत होते, पण ती म्हणाली, राहूदे, एवढ्यासाठी मास्तरांना पुन्हा त्रास नको. डागाखाली बघ, अंगठा पुरता उठलेला नाही. (तो दाबायला जोर लागतो.)

इतकंच. दाखला सोबत आहे. साहेबाला नम्रपणे दे आणि तो हसला तर तूही हस, पण मागे घेऊ नकोस. तुझ्या आईने सांगितलं आहे की तिथून सुका मासा आणू नकोस, इथे आहे. डोळे भरून बघ आणि लिही. तिचे आणि माझे आशीर्वाद.

तुझी आत्ये,
गंगू

ता.क. हे मालवणला पोस्टाच्या पायरीवर बसून लिहिते आहे, मासळी संपवून. इथे कोणाला वाचून दाखवायचं नाही, म्हणून कंस करत नाही. पत्र ऐकताना ती बाबलीच्या गाऱ्हाण्याला हसली, तो भाग परत वाचायला लावला, आणि शिक्का हरवल्याचं ऐकता ऐकता झोपली. कुडाळचा डॉक्टर दोनदा येऊन गेला. पहिल्या खेपेला त्याने औषध दिलं. दुसऱ्या खेपेला पेटी उघडलीच नाही, पेज पातळ द्या म्हणाला आणि चहा न घेता गेला. मी तुला कळवणार नाही असं तिने माझ्याकडून वचन घेतलं आहे. दाखला पाठवायचं वचनही तिनेच घेतलं आहे. दुसरं मी पाळलं.

देवळातून आल्यावर मी तिला खूप बोलले. एवढी खुर्ची उचलून नेली, एवढी माणसं जमवली, आणि महत्त्वाचं ते विचारलंस नाही. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “आक्का, तां विचारलां आणि डावो पडलो तर? मगे मी कोणाची वाट बघू?” मी चुलीकडे गेले. तिथे काही काम नव्हतं.

पुन्हा ता.क. तेव्हा माझं ऐक. तो देश बघू नकोस. मासे तिथे दर वर्षी सुकत असणार. मिळेल त्या जहाजाने नीघ. मुंबईपर्यंत तीन आठवडे, आणि पुढे मुंबईची बोट मालवणला पावसाआधी बंद होते हे तुला सांगायला नको. ती बंद व्हायच्या आत ये. आलास की तिला सांग, साहेबाने नाही म्हटलं. ती थोडी देवीवर चिडेल. चिडूदे, देवीला सवय आहे. आणि त्या देशाबद्दल पुस्तकात वाचून ये, ती वासाचं नक्की विचारणार.

शेवटचं, पाकीट चिकटवायच्या आधी. काल सकाळी टोपली देवळाबाहेर ठेवून मी एकटीच गेले. गुरवाला फुलं लावायला सांगितलं आणि राहिलेला सवाल मीच विचारला, की रविकांत वेळेत येतलो काय. फूल पडायला फार वेळ लागला. मग पडलं. कुठल्या बाजूला ते लिहिणार नाही. उजवं म्हटलं तर तू म्हणशील, येणार हे ठरलेलंच आहे, मग पंधरा दिवस फिरून घेतो. डावं म्हटलं तर म्हणशील, आता जाऊन काय उपयोग. गुरवालाही बजावलं आहे. तू पत्राने विचार, तारेने विचार, समोर उभा राहून विचार. मी सांगणार नाही.